निष्काळजीपणे गाडी चालवल्याची पोलिसांची नोटीस: उत्तरात काय लिहावं, काय लिहू नये

प्रश्न विचारणारे गृहस्थ नाशिकचे आहेत. एकोणीस दिवसांपूर्वी संध्याकाळी गंगापूर रोडवर सोसायटीच्या गेटकडे डावीकडे वळताना मागून आलेली दुचाकी त्यांच्या गाडीला डाव्या बाजूने घासली आणि चालवणारा मुलगा पडला. त्यांनीच त्याला दवाखान्यात नेलं, एक्स-रे आणि प्लास्टरचे पैसे भरले. मुलाचा भाऊ म्हणाला, आपसात मिटवू, म्हणून पोलिसांना कुणी कळवलं नाही. आता पोलीस ठाण्याची नोटीस आली आहे. कलमं लावलीत भारतीय न्याय संहिता २८१ (हयगयीने वाहन चालवणं), १२५(अ) (हयगयीने दुखापत करणं) आणि मोटार वाहन कायदा १८४ (धोकादायकपणे वाहन चालवणं). गुरुवारी सकाळी अकराला हजर राहायचं आहे. गाडी पत्नीच्या नावावर असल्याने त्यांना वेगळं पत्र आलंय. शेजारी म्हणतात, कबूल करून टाका, हजार रुपये दंड होईल. मेव्हणे म्हणतात, जाऊच नका. ऑफिसातल्या एकाने तर दुसरा ड्रायव्हर दाखवायचा सल्ला दिला. यांचा प्रश्न असा, की उत्तरात नेमकं काय लिहिलं म्हणजे प्रकरण इथेच संपेल?

मी वीसहून जास्त वर्षं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात अपघाताचे खटले चालवतोय, कधी आरोपीकडून, तर कधी भरपाईच्या दाव्यात जखमीकडून. त्यावरून सांगतो. मला खरी अडचण प्रश्नाच्या शेवटच्या तीन शब्दांत दिसते. ‘प्रकरण इथेच संपेल’ असं कुठलंही उत्तर नाही. गुन्हा नोंदवला गेलाय, आता तपासी अंमलदाराला त्याचा शेवट कोर्टात अहवाल पाठवूनच करावा लागतो, मग तो दोषारोपपत्राचा असो वा पुरावा नाही म्हणून बंद करण्याचा. तुमचं पत्र कितीही पटण्यासारखं असलं तरी ते वाचून फाईल मिटवण्याचा अधिकार त्यांना नाही. मात्र या प्रकरणातला तुमच्या सहीचा पहिला कागद हाच असणार आहे. पुढे तो न्यायाधीश वाचतील, विमा कंपनी वाचेल, मोटार अपघात न्यायाधिकरणात समोरचे वकील वाचतील. म्हणून तपासी अंमलदाराला पटवण्यासाठी लिहू नका. दोन वर्षांनी कुणीही वाचला तरी खरा आणि पुरेसा ठरेल, असा कागद लिहा.

आधी हातातला कागद कोणता ते ओळखू. ‘पोलिसांची नोटीस’ म्हणून लोक माझ्याकडे जे घेऊन येतात, त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे ई-चलान; त्याचा रस्ताच वेगळा, तो इथे सोडून देतो. दुसरी म्हणजे साक्षीदार म्हणून बोलावणं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली. तिसरी कलम ३५(३) ची, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या ४१-अ ची, ‘तुमच्यावर आरोप आहे, अटक करत नाही, हजर राहा’ असं सांगणारी. तुमच्या नोटिशीच्या डोक्यावर कलम कोणतं छापलंय ते बघा. गुन्ह्याची कलमं आणि गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) दिलाय, त्यावरून ती तिसऱ्या प्रकारची वाटते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर आली असेल तर ही बजावणी धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तसं स्पष्ट केलंय. तरीही त्या मुद्द्यावर घरी बसू नका. ठाण्यात फोन करा, नोटीस हातात द्या, मी येतो, असं सांगा.

मेव्हण्यांचा सल्ला मोडून काढायचं कारण याच कलमात आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात आणि पुढेही राहत गेलात, तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय तुम्हाला अटक करता येत नाही. गेला नाहीत तर हे कवच तुम्ही स्वतःच्या हाताने काढून ठेवता. शिवाय तुमच्यावरची दोन्ही न्याय संहितेची कलमं जामीनपात्र आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा तुमचा हक्क असतो. त्यामुळे रात्रभर जागण्याचं कारण नाही. गुरुवारी जायचं, वेळेआधी दहा मिनिटं जायचं. त्या दिवशी खरोखर शक्य नसेल तर आदल्या दिवशी लेखी अर्ज देऊन दुसरी तारीख मागायची आणि पोच घ्यायची.

पत्नीला आलेलं पत्र बहुधा मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ खाली असणार. त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव-पत्ता मालकाने द्यायचा, एवढंच ते मागतं आणि ते देणं बंधनकारक आहे. त्यांनी दोन ओळींचं उत्तर द्यावं: अमुक दिवशी अमुक वेळी वाहन माझे पती चालवत होते, त्यांचा पत्ता आणि परवाना क्रमांक असा. त्या स्वतः गाडीत नव्हत्या, तेव्हा अपघात कसा झाला यावर एक अक्षर लिहू नये. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल, तर स्त्रीला राहत्या जागेव्यतिरिक्त कुठे हजर राहायला भाग पाडता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. हे त्यांनी नम्रपणे सांगावं.

दुसरा ड्रायव्हर दाखवायचा सल्ला देणाऱ्याला पुन्हा या विषयावर बोलू देऊ नका. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘आणणाऱ्याचं नाव’ म्हणून तुमचंच नाव असणार. खोटा ड्रायव्हर उभा करणं हा स्वतंत्र आणि जास्त गंभीर गुन्हा आहे, त्यात पत्नीही ओढल्या जातील आणि विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण मिळेल. आज तुमच्यावरचा आरोप हयगयीचा आहे. तो खोटेपणाचा होऊ देऊ नका.

आता उत्तराच्या मजकुराकडे. दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. मी पक्षकारांना साधारण असा मसुदा देतो:

‘आपली दि. … ची नोटीस मला दि. … रोजी मिळाली. त्यानुसार मी आज हजर राहिलो आहे. दि. … रोजी सायंकाळी सुमारे … वाजता वाहन क्र. … मी चालवत होतो. डावीकडे वळण्यासाठी मी इंडिकेटर दिला होता. घटनेनंतर जखमीस मी स्वतः रुग्णालयात नेले. चालक परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा व पीयूसी यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. घटनास्थळाजवळील सीसीटीव्ही चित्रीकरण तातडीने ताब्यात घेऊन जतन करावे, ही विनंती. हयगयीने वाहन चालवल्याचा आरोप मला मान्य नाही. तपासात यापुढेही सहकार्य करीन. माझे कायदेशीर हक्क राखून हे उत्तर देत आहे.’

बस, एवढंच. यात मुद्दाम गाळलेल्या गोष्टी बघा. वेग किती होता ते नाही, कारण ताशी वीस लिहिलंत आणि चित्रीकरणात पस्तीस दिसला, तर बाकीची खरी वाक्यंही खोटी वाटायला लागतात. ‘तो मुलगाच वेडावाकडा आला’ हे नाही, कारण तो मागून आला होता, तर तुम्ही ते किती पाहिलं, हा पुढचा प्रश्न तयारच असतो. ‘अचानक’, ‘दुर्दैवाने’, ‘लक्षात आलं नाही’ हे शब्द नाहीत. इंडिकेटरचं वाक्यही तुम्हाला पक्कं आठवत असेल तरच ठेवा. रोज देतो म्हणून त्या दिवशीही दिला असणार, असं वाटत असेल तर काढून टाका.

‘लक्षात आलं नाही’वर इतका भर का, ते एका शिक्षकांच्या केसवरून सांगतो. त्यांच्या दुचाकीची एका वयस्कर बाईंना धडक बसली. माणूस सज्जन, मनाला लागून राहिलं. त्यांनी बाईंच्या मुलाला मोठा मेसेज लिहिला, ‘माझं लक्ष नव्हतं, माझ्यामुळे आईंना त्रास झाला, क्षमा करा.’ विम्याच्या अर्जातही तसंच लिहिलं. खरं तर बाई दुभाजकाच्या फटीतून अचानक पुढे आल्या होत्या आणि समोरच्या दुकानदाराने ते पाहिलं होतं. पण साक्षीच्या वेळी सरकारी वकिलांनी तो मेसेज काढला. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे खरं. पण नातेवाइकाला पाठवलेला मेसेज आणि विमा कंपनीला दिलेला अर्ज यांना ते संरक्षण नाही. ते शिक्षक सुटले, पण चार वर्षांनी, आणि त्या काळात त्यांची बढती अडकून राहिली. दुःख वाटणं आणि दोष कबूल करणं या दोन गोष्टी आहेत. चांगल्या माणसांच्या तोंडून त्या एका वाक्यात येतात, म्हणून कळकळीने सांगतोय.

ठाण्यात तोंडी विचारपूस होईल. नाव, पत्ता, परवाना, गाडी कोण चालवत होतं, याची उत्तरं सरळ द्या. जे उत्तर तुम्हालाच गुन्ह्यात अडकवेल ते देण्याची सक्ती नाही; राज्यघटनेच्या कलम २०(३) चं हे संरक्षण ठाण्यातही तुमच्यासोबत असतं. ‘माझं म्हणणं लेखी दिलंय’ हे शांतपणे सांगता येतं. तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नसते, असा कायदा आहे, तरी सही मागितली जाते. नोटिशीच्या पोचेवर, हमीपत्रावर सही करा, पण वाचून. कोऱ्या कागदावर कधीही नाही. माझा अनुभव असा, की नीट कागद घेऊन वेळेवर आलेल्या माणसाशी बहुतेक अंमलदार नीटच वागतात. त्यांच्याकडे डझनभर गुन्हे असतात, तुमची फाईल सुटसुटीत झाली तर त्यांनाही हवीच असते.

यानंतर एफआयआरची प्रत मिळवा; महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर बहुतेक एफआयआर दिसतात. त्यात एक वाक्य हमखास सापडेल: ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून…’ घाबरू नका. हे वाक्य मी शेकडो फिर्यादींत अक्षरशः असंच वाचलंय, मग गाडी महामार्गावर असो की पार्किंगमधून निघत असो. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश या निकालात सांगितलंय, की नुसतं ‘भरधाव’ म्हटल्याने हयगय सिद्ध होत नाही आणि अपघात झाला म्हणजे चूक असणारच, असं गृहीतही धरता येत नाही. हयगय म्हणजे काय केलं आणि काय करायला हवं होतं, हे सरकार पक्षाने दाखवायचं असतं.

ते कशावरून ठरेल, तर तुमच्या गाडीच्या डाव्या दारांवरून. म्हणून सांगतो, दुरुस्तीला टाकू नका. मोटार वाहन निरीक्षकांची तपासणी आणि विम्याच्या सर्व्हेअरची पाहणी होईपर्यंत गाडी आहे तशी ठेवा. उद्या सकाळच्या तिरप्या उन्हात दारांचे जवळून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. ओरखड्याला दिशा असते. ओरखडा मागच्या दारावर सुरू होऊन पुढच्या दाराकडे गेला असेल आणि रंगाचे पापुद्रे पुढच्या टोकाला गोळा झाले असतील, तर दुचाकी तुमच्यापेक्षा जास्त वेगात, मागून पुढे जात होती. रेघ पुढून मागे गेली असेल, तर तुमची गाडी तिला ओलांडून मग वळली असण्याची शक्यता वाढते, आणि तेव्हा बाजू तितकी सोपी राहत नाही. दुसऱ्या प्रकारचं निघालं तरी फोटो पुसू नका, मला किंवा तुमच्या वकिलांना दाखवा. आपली कमजोर जागा आपल्या वकिलाला आधी कळलेली बरी. सोसायटीच्या गेटवर कॅमेरा असेलच. बहुतेक यंत्रांत जुनं चित्रीकरण काही आठवड्यांत पुसलं जातं, तेव्हा सेक्रेटरींना आजच लेखी पत्र द्या. डॅशकॅम असेल तर मूळ कार्ड काढून बंद लिफाफ्यात ठेवा. ते कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल.

तुमच्या बाजूची कच्ची जागाही सांगायला हवी. अपघातात कुणी जखमी झालं तर चालकाने त्याला उपचार मिळवून द्यायचे, पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवायचं आणि विमा कंपनीलाही कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं. पहिलं तुम्ही केलंत, आणि ते फार मोलाचं आहे. दवाखान्याच्या पावत्या जपा. दुसरं राहिलं. भावाच्या सांगण्यावरून राहिलं, हे समजण्यासारखं आहे, पण कायद्यात तो बचाव नाही. तिसरं अजून राहिलं असेल तर आजच करा. तिथेही फक्त घटना लिहा, मत नाही. २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे चालकाने फॉर्म ३ मधली माहिती अपघातापासून तीस दिवसांत तपासी अंमलदाराला द्यायची असते. तुमचे एकोणीस दिवस गेलेत, तेव्हा गुरुवारी तो फॉर्मही मागून घ्या.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्लास्टर कशाचं होतं. नुसती मुरगळ असेल तर १२५(अ), सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड मोडलं असेल तर ती कायद्याने ‘गंभीर दुखापत’, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आल्यावर कलम १२५(ब) होऊ शकतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. जामीनपात्रच राहतं, पण खटल्याचं वजन बदलतं. परवाना किंवा विमा त्या दिवशी चालू नसेल तर माझा सल्लाही बदलेल, आणि गुरुवारच्या आधी वकील गाठा असं सांगेन.

आता कलम १८४ बद्दल, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. त्याच कायद्याच्या कलम २०९ प्रमाणे १८४ खाली दोषी धरायचं असेल तर तीनपैकी एक गोष्ट झालेली लागते: जागेवरच ताकीद, किंवा चौदा दिवसांत वेळ-ठिकाण-आरोप सांगणारी नोटीस हाती देणं वा नोंदणीकृत टपालाने पाठवणं, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावणं. नाव-पत्ता प्रयत्न करूनही वेळेत कळला नाही, किंवा आरोपीच्याच वागण्याने उशीर झाला, तर याला अपवाद आहे. तुमची नोटीस चौदा दिवसांनंतर आलेली दिसते. लिफाफा, टपालाचा शिक्का, हाती दिली असेल तर देणाऱ्याची तारीख, हे सगळं जपा. हा मुद्दा उत्तरात घालू नका, ठाण्यात त्यावर वाद करू नका, तो कोर्टात मांडायचा आहे. आणि त्यावर फार विसंबूही नका, कारण तो फक्त १८४ ला लागतो. २८१ आणि १२५ ला त्याने काही धक्का लागत नाही.

शेजाऱ्यांच्या ‘हजार रुपये भरा’ या सल्ल्याकडे येतो. २८१ चा दंड हजारापर्यंतच आहे हे बरोबर, पण सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोर्टात गुन्हा कबूल केला की ती दोषसिद्धी होते. नोकरीतली पडताळणी, पासपोर्ट, परदेशी व्हिसा, जिथे ‘कधी दोषी ठरलात का’ असा रकाना येतो तिथे ‘होय’ लिहावं लागतं. भरपाईच्या दाव्यातही ती कबुली समोर येते. काही पक्षकारांना मी स्वतः कबुलीचा सल्ला दिलाय, पण पुरावा वाचून, नोकरी कोणती ते विचारून. दोषारोपपत्राच्या प्रती हातात येण्याआधी तो निर्णय कधीच घेऊ नये.

आपसातल्या तडजोडीचंही असंच. स्टॅम्प पेपरवर ‘आमची तक्रार नाही’ लिहून घेतल्याने खटला संपत नाही. दुखापतीच्या कलमात जखमीला कोर्टाच्या परवानगीने तडजोड करता येते, २८१ मात्र तडजोडपात्र नाही. सगळंच मिटवायचं तर दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो, आणि तो मार्ग तुमच्यासारख्या प्रकरणात पुढे खुला आहे. भाऊ रोख रक्कम मागत असेल तर भीतीपोटी देऊ नका. त्या मुलाला योग्य भरपाई मिळायलाच हवी. तुमचा तृतीय पक्ष विमा त्यासाठीच आहे आणि ती न्यायाधिकरणामार्फत मिळू शकते.

तुम्ही शेवटी संकोचून विचारलंय, की त्या मुलाला भेटायला गेलो तर चालेल का. जरूर जा. पत्नीलाही घेऊन जा. हात कसा आहे, प्लास्टर कधी निघणार, कॉलेज बुडतंय का, हे विचारा. चूक कुणाची हा विषय त्यांच्याकडून निघाला तर ‘ते कोर्ट बघेल, तू लवकर बरा हो’ एवढं म्हणा. आणि निघताना विम्याच्या पॉलिसीची झेरॉक्स त्याच्या आईच्या हातात द्या, दावा करायचा झाला तर त्यांना ती लागेल.